गाभ्याची तुळई

"ही कढी हाय, का कुनी हात धुतल्यालं पानी?"

कुडापलीकडून हे अगदी हळू आलं. बोलणारीनं ते मांजराला सांगितलं होतं. पण कूड कारवीचा, घर नवं, लिंपणाला अजून भेगा, आणि चुलीपुढं बसलेल्या तुळजाबाईचे कान मात्र जुने, चांगले मुरलेले. तिनं ऐकलं.

दिवाळीआधीची गोष्ट असती तर पळी तिथंच आपटली असती आणि सुनेच्या माहेरी ताक कसं घुसळतात इथपासून सुरुवात झाली असती. आता तुळजाबाईनं मुकाट्यानं चिमूटभर मीठ घेतलं, थोडं पीठ कालवून कढीला लावलं, भांडं पुन्हा चुलीवर चढवलं. आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून तुपाची गिंडी खाली काढली.

रत्ना, तिची सून, आतल्या खोलीत पाय बांबूच्या कामट्यांत बांधून पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं. कासार आंबोलीच्या हाडवैद्यानं ते बसवलं, पण जाताना उंबऱ्यात थांबला, मुंडाशाचं टोक सारखं केलं आणि म्हणाला, "चालंल पोरगी. पर पाय जरा मागं ऱ्हाईल." पाय मागं राहणं म्हणजे काय ते तुळजाबाईला कळलं. पोरीचं वय विशीचं. उभा डोंगर चढून सरपण आणणारी, भाताच्या चिखलात दोघींचं काम एकटीनं उरकणारी. ती आता जन्मभर लंगडणार होती.

गरम कढी आणि भातावर तुपाची धार घेऊन ती आत गेली. रत्नानं ताटाकडं पाहिलं, मग सासूकडं.

"आत्याबाई, रोज तूप नका वाढू."

"का गं? हाड जुळायला बरं असतंय."

"तूप वाढलं का मला कळतंय, तुमी काय बोलत न्हाई ते."

तुळजाबाईनं मांजराला उगीच शुक् म्हटलं आणि ती बाहेर आली.

झालं होतं ते असं. खाली नदीकाठी त्यांचं गाव होतं. धरणाचं पाणी अडलं तसं ते चढत चढत गावाच्या उंबऱ्याला आलं आणि माणसं घरं मोडून वरच्या मुरमाड उतारावर आली. मोडलेल्या घरांचे खांब, वासे, दारं, चौकटी, जे निघालं ते गाड्यांत घालून वर आणलं. तुळजाबाईचं खालचं घर सागवानी. नवऱ्याच्या आज्यानं बांधलेलं. नवरा गेल्यावर तिनं ते घर आणि जयसिंग, हा एकुलता एक लेक, दोन्ही सांभाळलं होतं. खांब निघाले ठणठणीत. पण माळ्याच्या तुळया खाली उतरवल्या तर आतून वाळवीनं भुसा केलेला. कोंडिबा सुतारानं बोट खुपसलं तर बोट आत गेलं.

गावात अशी लाकडाला मोताद झालेली दोनच घरं उरली. एक तुळजाबाईचं. दुसरं तिच्या शेजारचं, पिराजी धनगराचं. पिराजीचं मुळात घर कसलं, कूड आणि गवत; पण आता सगळेच नवं बांधताहेत तर आपल्यालाही शेळ्यांच्या वर निजायला माळा असावा असं त्याच्या बायकोच्या, बायजाच्या, मनात होतं.

धरणाच्या कामावर परमुलखातलं देवदारी लाकूड आलेलं. काम आवरल्यावर उरलेला एक लांबलचक ओंडका गावाला मिळाला. तसलं लाकूड गावात खोक्यांच्या फळ्यांपुरतंच कुणी पाहिलेलं. पिवळट, हलकं, राळेच्या वासाचं. कोंडिबानं खड्डा खणून, वर एक आणि खाली एक माणूस उभा करून ते करवतलं. मधली जाड तुळई एक आणि दोन्ही कडांच्या बारक्या दोन. मधली एका घराला, कडेच्या दोन दुसऱ्या घराला.

आता मधली म्हणजे गाभा. आणि गाभा म्हणजे काय हे मावळात शेंबड्या पोरालाही ठाऊक. सागाचा गाभा काळसर, तेलकट, वाळवी तोंड लावत नाही, शंभर वर्षं हलत नाही. कडेचं ते पांढरं, रसाचं, किड्यांचं खाणं. तेव्हा दोन्ही घरांना हवी होती ती मधली तुळई. पिराजीनं तोंडानं म्हटलं नाही, पण त्याची नजर तीच सांगत होती.

हैबतराव हा गावातला मोठा माणूस. त्यानं रीतीप्रमाणं खुणा मागितल्या. वाटणी करताना प्रत्येक घरानं आपली एक खूण द्यायची, वाटणाऱ्यानं पाठ फिरवून ती मागं टाकायची. ज्या ढिगावर पडेल तो ढीग त्या घराचा. खालच्या गावात आंब्याच्या राशी, गवताच्या गंज्या, सगळं असंच वाटलं जायचं. त्यावर कुणी वाद घालत नसे. तुळजाबाईनं सुपारी दिली. बायजानं कनवटीतून लोकरीचा पुंजका काढून दिला.

सुपारी कडेच्या लाकडावर पडली आणि टुणकन उडून खाली गेली. लोकर गाभ्यावर पडली आणि राळेला चिकटून बसली.

बायजा तोंडाला पदर लावून हसली. पिराजी खुशीत त्याच दुपारी मेंढरं घेऊन वरच्या रानात गेला.

तुळजाबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. सागाचं घर पाण्याखाली सोडून आलेय मी, तिच्या मनात येत होतं, आणि आता माझ्या घराला कड आणि शेळ्यांच्या माच्याला गाभा? ती वाईट बाई नव्हती. म्हणजे, वाईट बाई काही रोज उठून वाईट नसते. ती दळते, कांडते, लेकराला न्हाऊ घालते, शेजारणीच्या बाळंतपणात रात्रभर बसते. बायजाच्या थोरल्या पोराच्या वेळी तुळजाबाईच बसली होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, बायजा पाण्याला गेलेली पाहून, ती कोंडिबाकडं गेली आणि म्हणाली, "मधली आमच्याकडं टाक. बायजाशी बोललीया मी."

कोंडिबानं तासायचा वाकस खाली ठेवला. तिच्याकडं पाहिलं. त्यांची ओळख चाळीस पावसाळ्यांची. ती लग्न होऊन आली तेव्हा हाच तिच्या बाजेचे खूर तासत होता. त्यानं विचारलं नाही. "बरं वैनी," म्हणाला आणि तुळई उचलली.

लोकरीचा पुंजका तिनं स्वतः उपटून काढला. सगळा निघाला नाही. चार तंतू राळेत रुतून राहिले. वरची बाजू फळ्यांखाली जायची आहे, कोण बघतंय, असं म्हणून तिनं हात धुतले. राळ हाताची जाता जाईना.

बायजानं कडेच्या दोन तुळया पाहिल्या, काही म्हणाली नाही. पिराजी रानातून आला, त्यानंही पाहिल्या. म्हणाला नाही. गावानं पाहिलं, आणि बहुधा आपसात काहीतरी ठरलं असेल अशी स्वतःची समजूत घालून घेतली. तुळजाबाईच्या पडिकात धनगराची शेळी चरते, तिच्या विहिरीवर त्याची घागर बुडते. अशा ठिकाणी कोण काय म्हणणार.

भात झोडून झालं. कणगी माळ्यावर गेली. रत्ना भात काढायला वर चढली, सूप हातात, काहीतरी गुणगुणत, आणि तुळई मोडली. सागाची तुळई मोडायची तर आधी करकरते, दोन दिवस आधीपासून सांगते, माणूस टेकू लावतो. ही बोलली नाही. गाजर मोडावं तशी एकदम दोन तुकडे झाली. कणगी, फळ्या, भात आणि रत्ना, सगळं खाली.

आरडाओरडा ऐकून पहिली धावली ती बायजा. मागून पाचपंधरा माणसं. रत्नाच्या मांडीवरून तुळई उचलायला सगळ्यांनी हात लावले, आणि वरची बाजू उलटी झाली, आणि राळेत रुतलेले लोकरीचे चार तंतू सगळ्यांनी पाहिले. बायजानं तर अगदी जवळून. तिनं रत्नाचं डोकं मांडीवर घेतलं आणि मान वळवली.

दोन दिवसांनी हैबतराव घरी आला. काठी भिंतीला लावून बसला, पाणी प्यायला, मोडका तुकडा पायानं हलवून बघितला. "कोंडिबानं सांध्याची खाच खोल घेतली म्हनायची," तो म्हणाला. "वय झालं. हात चालत न्हाई. व्हय का वो वैनी, खाच खोल व्हती?"

तुळजाबाई पदराच्या टोकाशी खेळत होती.

"आसंल," ती म्हणाली.

एवढा एकच शब्द. पण त्यानं कोंडिबाच्या पोटावर वाकसाचा घाव घातला. गावात झालं की, कोंडिबाचा हात गेला. कुणी नांगराचा इसाड तासायला आणीनासं झालं. गावाचं देऊळ वर उभं करायचं होतं, त्यासाठी आणखी देवदारी लाकूड यायचं होतं. ते काम पौडच्या सुताराला सांगावं अशी भाषा सुरू झाली. खालचं देऊळ कोंडिबाच्या बापानं बांधलं होतं. त्याचे खांब उतरवताना कोंडिबानं एकेका खांबाला खडूनं खूण घातली होती, म्हणजे वर तसेच्या तसे लावता येतील.

आणि बायजा रोज सकाळी शेळीचं दूध घेऊन येई. तांब्या दाराशी ठेवी, "रत्ना, कसं हाय गं," म्हणे, आत जाऊन तिचा धड पाय चेपी. तुळजाबाईशी दोन शब्द बोले, पावसाचं, पोरांचं. डोळ्याला डोळा देत नसे. तुळजाबाईला वाटे, हिनं एकदा कचाकचा भांडावं. तांब्या अंगावर फेकावा. पण बायजा रिकामा तांब्या पदरानं पुसून घेऊन जाई, जणू चोरी तिनंच केलीय.

एका दुपारी कोंडिबा आला. हातात करवत.

"वैनी, ती मोडकी तुळई जाळली न्हवं?"

जाळली नव्हती. तुळजाबाईनं दोनदा चुलीत घालायला घेतली होती. राळेचा वास आला की तिला हात धुवावेसे वाटत. ती परसात पडली होती, पोत्याखाली.

कोंडिबानं तिचा एक तुकडा कापला. मग म्हणाला, "बायजाच्या तुळईचं एक टोक भितीभाईर आलंय. तेवडं कापून आनतो. तिला इचारलंय." "इचारलंय" हा शब्द त्यानं नेहमीसारखाच उच्चारला. तुळजाबाईला मात्र तो जड लागला.

दोन्ही तुकडे त्यानं दिवसभर पाण्यात बुडवून ठेवले. मग दोन्हींतून दीड-दीड हाताच्या पट्ट्या काढल्या, एकावर एक ठेवून तंतोतंत सारख्या केल्या, रंधा मारला. आणि त्या तुळजाबाईच्या चुलीवरच्या शिंक्यांतून आडव्या ओवून ठेवल्या.

"हितंच कशापायी?"

"चूल तुमची मोठी. माजी आता दिवसातून एकदाच पेटती." तो हसला नाही. "बघत ऱ्हावा."

बघत राहण्यावाचून तिला दुसरं होतं काय. भाकरी थापताना वर पाहिलं की दोन पट्ट्या. दूध तापवताना दोन पट्ट्या. पहिल्यांदा काहीच दिसेना. मग एक जरा कुबड काढू लागली. आठवडा सरता सरता ती धनुष्यासारखी वाकली, दुसरी होती तशी सरळ. तुळजाबाईनं एकदा पातेलं उतरवायच्या निमित्तानं सरळ पट्टी वाकड्या पट्टीच्या जागी टाकून पाहिली. मग लाजून परत होती तशी ठेवली. अदलाबदल करायची सवय, तिच्या मनात आलं, हाताला लागली म्हणायची.

कोंडिबा परत आला तेव्हा त्यानं वाकडी पट्टी जमिनीवर दाबून सरळ केली आणि दुसरी तिच्याशेजारी ठेवली.

"टोकाला बघा."

वाकडी पट्टी आखूड झाली होती. दोन तांदळांएवढी.

"वैनी, लाकूड वाळलं का रुंदीला आटतं. लांबीला कदी आटत न्हाई. माज्या बापानं सांगितलं, त्याच्या बापानं सांगितलं. त्यावरच तर आमी खाचा घेतो. आन् हे लांबीला आटलं." तो बोलता बोलता पट्टीवरून बोट फिरवत होता, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावं तसं. "मला वाटलं, माजेच डोळे गेले."

मग त्यानं तुळईचे दोन्ही तुकडे आणले, टोकांवर पाणी शिंपडलं. ओली झाली तशी वर्तुळं उठून दिसायला लागली. गाभ्याच्या तुकड्यात मधोमध ज्वारीच्या ताटातल्या भेंडासारखा मऊ ठिपका. त्याच्याभोवती वर्षावर्षाच्या वाढीची कडी, रुंद रुंद, बोटाच्या पेराएवढ्या जागेत दोनतीनच. कडेच्या तुकड्यात तेवढ्याच जागेत कडी किती, मोजायला नजर पुरेना. लुगड्याच्या काठाच्या रेघांसारखी बारीक, घट्ट.

"झाड पोरवयात आसतं तवा भसाभसा वाडतं," कोंडिबा म्हणाला. "पोरासारखं. उंच व्हायची घाई. अंगात दम न्हाई. मग वय झालं का सावकाश वाडतं, घट्ट वाडतं. पर आतलं पोरवय आत तसंच ऱ्हातं. ते कदी पिकतच न्हाई. आपला साग येगळा. त्याचा गाभा येळ जाईल तसा पिकतो. ह्याचं उलटं. गाभ्याजवळचं तेच कच्चं."

"तुला कुनी सांगितलं?"

"धरणावर तिकडचा, डोंगराकडचा एक करवत्या हाय आजून. त्याला दाखवलं. तो हसला. म्हनाला, बीच का माल बच्चा है, मिस्त्री, उसको खोके में डालते हैं." कोंडिबानं दोन्ही तुकडे पालथे घातले. "रंगावर जाऊ नये म्हनाला. लालसर दिसतं ते कच्च्याच्या पार बाहेरपातुर दिसतं. भेंडापासनं कडी मोजायची. दहा-पंदरा-वीस. रेघ मारल्यासारखं कच्चं हितं सपलं आन् पक्कं हितं सुरू झालं आसं काय नसतं. हळूहळू हुतं."

मोडलेल्या जागी तुळजाबाईनं बोट फिरवलं. तुटका भाग आखूड, बोथट, पायऱ्यापायऱ्यांचा. तिनं शेजारच्या, बायजाकडच्या तुकड्यातून एक ढलपी मोडून पाहिली. लांब कुसळं निघाली, तुटता तुटता धरून ठेवणारी.

"म्हंजे खाच बरोबर व्हती," ती म्हणाली.

"बरोबर व्हती."

"मग हैबतरावाला सांग की! देवळाचं लाकूड यायचंय. पौडचा कोन येनार तो गाभाच वापरंल, देव डोक्यावर पडंल सगळ्यांच्या."

कोंडिबा उठला. दाराशी जाऊन उभा राहिला, पाठ तिच्याकडं.

"सांगितलं तर ते पयलं काय इचारतील, वैनी?"

तुळजाबाईनं हातातली ढलपी चुलीत टाकली.

"इचारतील, गाभा तर लोकरीवर पडला व्हता. तुमच्या घरात आला कसा." त्यानं चौकटीवरून अंगठा फिरवला. "खाच माजीच म्हनू द्या. मी बी तवा इचारलं न्हाई तुमाला. इचारायला पायजे व्हतं. मला ठाव व्हतं तुमी बोलल्या न्हाई बायजाशी. तुमी खोटं बोलल्या का डावा कान खाजवता."

तो गेला. तुळजाबाईचा हात कानाजवळच होता. तिनं तो खाली घेतला.

त्या संध्याकाळी ती बायजाकडं गेली. निमित्त तांब्या परत देण्याचं. बायजाच्या माळ्यावर गवताच्या पेंढ्या, खाली शेळ्या, वर तिची दोन पोरं उड्या मारत होती. दोन बारक्या तुळया सुतासारख्या सरळ. उड्यांनी हादरत होत्या, आणि परत जागेवर येत होत्या. तुळजाबाईच्या तोंडावर आलं होतं, बायजा, मी... बायजानं घाईनं घोंगडी अंथरली.

"बसा की, काकी. रत्नाला आज भूक लागती का?"

"लागती. कढीला नावं ठेवती."

दोघी हसल्या. हसून झाल्यावर दोघींनी वर पाहिलं, पोरांकडं, तुळयांकडं, आणि एकदमच नजरा खाली घेतल्या. बायजाच्या डोळ्यांत काहीतरी होतं. तुळजाबाईला वाटलं राग आहे. राग असता तर बरं होतं. ते निराळंच होतं, जणू बायजाच माफी मागायच्या बेतात होती. तुळजाबाई तिथं टिकली नाही. चूल पेटवायचीय म्हणून उठली.

घरी रत्ना कुडाला टेकून बसली होती.

"बोलल्या का बायजाशी?"

"काय?"

"आत्याबाई, मी पडले तवा येडी झाले न्हवते. मी बी लोकर बगितली. माजा पाय गेला तो गेला. पर कोंडिबाबाचे हात कशापायी घालवता?"

तुळजाबाई त्या दिवशी कढीत मीठ घालायला विसरली नाही. तूपही वाढलं नाही. रत्नानं ताट चाटूनपुसून साफ केलं.

देवळाच्या जोत्यापाशी गाव जमलं तेव्हा ऊन कलतं झालं होतं. पुरुष जोत्यावर, बायका बाजूला करवंदीच्या जाळीपाशी. जुन्या देवळाचे खांब खडूच्या खुणांसह एका बाजूला रचलेले. हैबतरावानं पौडच्या सुताराचं नाव काढलं. कुणी हो म्हटलं, कुणी तंबाखू मळली. कोंडिबा खाली मान घालून बसला होता. हत्यारांची पिशवी त्यानं बरोबर आणली होती; का, ते त्यालाच माहीत. कदाचित घरी ठेवून यायचं जिवावर आलं असेल.

"कोंडिबा, राग मानू नगं," हैबतराव म्हणाला. "देवाचं काम हाय. खाच चुकली तुजी."

"चुकली," कोंडिबा म्हणाला.

तुळजाबाई बायकांतून पुढं आली. पदराखाली दोन पट्ट्या होत्या. आपण जोत्यावर चढलो हे तिला चढल्यावर कळलं. जयसिंगनं, तिच्या लेकानं, खालून "आई?" म्हटलं, ते तिनं ऐकलं नाही असं दाखवलं.

"खाच चुकली न्हाई," ती म्हणाली. "हे बगा." तिनं पट्ट्या पुढं धरल्या, एक धनुष्य, एक बाण. जमेल तसं सांगितलं: भेंड, रुंद कडी, झाडाचं पोरवय, लांबीला आटणं. मधेच अडखळली. कोंडिबानं मान वर केली आणि हळूच एक शब्द पुरवला, ती पुढं गेली. माणसं पुढं सरकली. पट्ट्या हातोहात फिरल्या. एकानं वाकडी दाबून पाहिली, ती कट्‌ करून मोडली, कुसळ न काढता. सरळ पट्टी चौघांनी वाकवली तरी परत सरळ झाली.

"आयला," कुणीतरी म्हणालं. "मंजी गाभा बेकार?"

"ह्या लाकडाचा. देवळाला कडेचं घ्या, आन् कोंडिबाच्या हातनं घ्या. त्याच्यासारकं बगणारा पौडात न्हाई."

हैबतरावानं दाढी खाजवली. "मग वैनी, तुमच्या घरी ते गाभ्याचं कसं काय... कारन खूण तर..." तो मधेच थांबला. खोकला. नको त्या पाण्यात पाय पडला की माणूस काढून घेतो तसा त्यानं शब्द काढून घेतला. "असो. झालं ते झालं."

सगळं गाव एकदम दुसरीकडं बघू लागलं. कुणी खांबांकडं, कुणी धरणाच्या पाण्याकडं. खाली उतारावर ते पाणी चमकत पसरलं होतं, आणि त्याच्या तळाशी कुठंतरी तुळजाबाईचा सागवानी उंबरा होता. किती सोपं होतं. हैबतरावानं दार उघडं ठेवलं होतं. तिनं फक्त बाहेर पडायचं होतं.

"लाकूड मी निवडलं," तुळजाबाई म्हणाली. तिच्या डाव्या कानाला खाज सुटली. तिनं हात मुठीत आवळून धरला. "चूक माजी हाय. मी निवडलं."

"आता बायामानसाला लाकडातलं काय कळनार," हैबतराव घाईनं म्हणाला. "तुमची काय चूक, वैनी. तुमी चांगल्यासाठीच..."

"निवडलं न्हाई."

आवाज करवंदीच्या जाळीपासून आला. बायजा होती. तिच्या कडेवर धाकटं पोर होतं, आणि ती जागची हलली नव्हती. पण पहिल्यांदाच, कित्येक दिवसांनी, ती तुळजाबाईच्या डोळ्यांत सरळ बघत होती.

"निवडलं न्हाई, काकी. घेतलं. आमच्या वाटनीचं व्हतं, तुमी मला न इचारता घेतलं. म्या बगितलं, माज्या मालकानं बगितलं, हितं बसलेल्या समद्यांनी बगितलं, कुनी बोललं न्हाई, मी बी न्हाई बोलले." तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आन् तुमी घेतलं नसतं तर ती तुळई माज्या घरात मोडली असती, माज्या पोरांखाली. म्हून रोज दूद आनत व्हते मी. रत्नाच्या पायाकडं बगून मनात यायचं, बरं झालं घेतलं."